संजयाची दृष्टी आणि हातातील यंत्र

नगराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या रस्त्याने निघून थोडे आत वळले म्हणजे प्रवरेच्या काठी नेवासे गाव लागते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब येथील मंदिरात आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा त्या ग्रंथाचा काल. आणि ज्ञानेश्वरांच्या मुखातून निघालेली ओवी लिहून घेण्याचे काम सच्चिदानंदबाबांनी केले. गेल्या कार्तिकात एका एकादशीस मी तेथे गेलो होतो. मंडपात कीर्तन चालले होते. श्रोत्यांच्या कडेला वीस-बावीस वर्षांचा एक तरुण तिपाईवर आपला स्मार्टफोन बसवून उभा होता. कीर्तनकारांच्या उपरण्यास एक चिमुकला माईक अडकविलेला होता, आणि फोनच्या काचेवर तोच मंडप, तोच खांब, तेच टाळकरी हातभर अंतरावर लहान होऊन हालत होते. ‘हे कोण पाहते?’ असे मी त्यास हळूच विचारले. तो म्हणाला, ‘आत्ता सत्तर जण आहेत, सर. पुण्याचे आहेत, सुरतेचे आहेत, एक दुबईचा आहे.’

ज्या गावी संजयाने धृतराष्ट्रास सांगितलेली कथा मराठीत अवतरली, त्याच गावी हे यंत्र उभे असलेले पाहून मनात एक प्रश्न आला. दूरचे दृश्य जवळ आणण्याची शक्ती आजवर कोणाच्या हाती होती? ती हातोहात फिरत फिरत या तरुणाच्या तिपाईपर्यंत कशी आली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. अहमदनगर जिल्हा, २०२४ पासून ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, तो आणि त्याचा शेजार एवढ्या टापूत या इतिहासाचे बहुतेक टप्पे सापडतात.

प्रथम संजयाचीच गोष्ट घेऊ. संजय हा जगातील पहिला थेट प्रक्षेपक होय, असे अलीकडे व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. कल्पना मनोहर आहे. परंतु भीष्मपर्व उघडून पाहिले तर ती जशीच्या तशी टिकत नाही. व्यासांनी दृष्टी देऊ केली ती प्रथम धृतराष्ट्रास. आपल्याच कुळाचा संहार डोळ्यांनी पाहण्याची इच्छा नाही, फक्त ऐकण्याची आहे, असे म्हणून त्याने ती नाकारली. तेव्हा ती संजयाकडे आली. पुढे दहाव्या दिवशी भीष्म शरशय्येवर पडल्यावर संजय रणांगणावरून परत येतो, ती दारुण वार्ता आधी सांगतो, आणि मग राजाने विचारल्यावरून युद्धाची हकीगत आरंभापासून सांगू लागतो. गीता ही त्या मागाहून सांगितलेल्या हकीगतीचा भाग आहे. म्हणजे अर्जुनाचा विषाद धृतराष्ट्राच्या कानी पडला तेव्हा भीष्म पडून चुकले होते! शेवटी सौप्तिकपर्वात, दुर्योधनाचा अंत झाल्यावर, ती ऋषिदत्त दृष्टी नाहीशी झाल्याचे संजय स्वतःच सांगतो.

या कथेतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. दृष्टी ही कोणीतरी दिलेली वस्तू होती, आणि देणाऱ्याचा हेतू संपताच ती परतही गेली. पाहणे आणि सांगणे यांच्यामध्ये काळाचे अंतर होते, आणि त्या अंतरात एक मनुष्य उभा होता. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. धृतराष्ट्र आंधळा होता, परंतु तो मुका नव्हता. गीतेचा पहिला श्लोक हा त्याचा प्रश्न आहे. तो विचारतो म्हणून संजय सांगतो. दूरदर्शनाची आपल्या परंपरेतील ही आद्य कथा वस्तुतः प्रश्नोत्तराची कथा आहे.

आता नेवाशाहून नगरात येऊ. येथील भुईकोट किल्ल्यात दूरदृष्टीची नेमकी उलट बाजू दिसते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईस काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीचे सभासद या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. त्यांत वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, आचार्य नरेंद्र देव आणि अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. त्यांस कोठे ठेवले आहे हे सरकारने आरंभी जगास कळू दिले नाही, आणि जगात काय चालले आहे हे कळविणारी वर्तमानपत्रेही आरंभी त्यांच्या हाती पडू दिली नाहीत. भिंतीच्या दोन्ही बाजूंस अंधार करण्याची ही योजना होती. राज्यसत्तेस केवळ देह कोंडून समाधान होत नाही. तिला दृष्टीही कोंडावयाची असते.

याच कोंडीत आझादांवर जो प्रसंग गुदरला तो आठवला की आजही मन हलते. त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास आजारी होत्या. दुखणे विकोपास गेल्याचे कळले तेव्हा, सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास आपण ती पोचवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले. आझादांनी स्वच्छ नकार दिला. ज्या सरकारने आपणांस डांबले त्याच्यापुढे ते पदर पसरणार नव्हते. ९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्यात त्या निवर्तल्या, आणि ती वार्ता किल्ल्यात येऊन पोचली. आझाद या किल्ल्यात आपले स्नेही हबीबुर रहमान खाँ शेरवानी यांस उद्देशून पत्रे लिहीत. ती त्या वेळी धाडता येणे शक्यच नव्हते. पुढे १९४६ साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. उत्तर येणार नाही हे ठाऊक असता लिहिलेली ती पत्रे होती. १९४५ साली सुटका होऊन ते कलकत्त्यास उतरले तेव्हा लोकांनी घातलेल्या हारांनी मोटार भरली होती. घरी जाण्याआधी त्यांनी ती पत्नीच्या कबरीकडे वळविली आणि त्यांतला एक हार तेथे वाहिला. शेवटचे दर्शन म्हणावयाचे ते एवढेच.

स्वातंत्र्यानंतर दूरदृष्टी पुन्हा ‘दिली’ जाऊ लागली. या वेळी देणारे ऋषी नसून सरकार होते. नगर जिल्ह्याचा पारनेर तालुका ओलांडून पश्चिमेस गेले की पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका लागतो. तेथे नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले; पुढे त्यास विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. द्राक्षांच्या आणि उसाच्या मळ्यांमध्ये आकाशाकडे तोंड करून उभी असलेली ती प्रचंड तबकडी हे आमच्या पिढीच्या बालपणीचे एक आश्चर्य होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शनचे केंद्र निघाले. कोणते दृश्य कोणी, केव्हा, किती वेळ पाहावयाचे हे तेथील अधिकारी ठरवीत. नव्वदीनंतर खाजगी वाहिन्या आल्या. मालक बदलले, पण व्यवस्था तीच राहिली. ऑगस्ट २०११ मध्ये याच पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणास बसले, तेव्हा वाहिन्यांनी ते दृश्य अहोरात्र दाखविले, आणि गावातील माणूस दिल्लीत असता त्याचे गाव त्यास घरबसल्या पाहत राहिले. परंतु उपग्रहाशी जोडलेल्या त्या गाड्या, ते कॅमेरे आणि ती यंत्रसामग्री विकत घेण्याचे सामर्थ्य धनवंत संस्थांपुरतेच होते. वाहिनीने पाठ फिरविली की गाव पुन्हा अंधारात जाई.

ही मोटार-भर सामग्री एका तळहातावर मावू लागली याचे श्रेय अनेक शोधांस आहे. त्यांपैकी दोहोंचा येथे निर्देश करतो. पहिला शोध प्रकाश टिपणाऱ्या पटलाचा. अमेरिकेतील एरिक फॉसम व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात अंतराळयानांवरील कॅमेरे हलके करण्याच्या खटपटीत असे पटल सिद्ध केले, की ते नखाएवढे असूनही अल्प विजेवर चालावे. आज फोनमध्ये आहे ते त्याच कुळातले. दुसरा शोध आम्हां हिंदी लोकांस अभिमानास्पद आहे, पण तो फारसा कोणास ठाऊक नाही. बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये एक गणिती रीत प्रसिद्ध केली. तिचे तात्पर्य असे: चित्राचे लहान लहान चौकोन पाडावे, प्रत्येक चौकोनातील छटांचा चढउतार मोजावा, डोळ्यास जाणवणारे स्थूल चढउतार ठेवावे आणि न जाणवणारे सूक्ष्म चढउतार टाकून द्यावे. चित्राचा भार त्यामुळे कितीतरी पटींनी उतरतो. हलत्या चित्रात याखेरीज मागील चित्राहून जेवढे बदलले तेवढेच पाठविण्याची युक्ती योजतात. नेवाशाच्या मंडपातील खांब हालत नाही. म्हणून तो क्षणोक्षणी नव्याने पाठवावा लागत नाही. हालतात ते टाळकऱ्यांचे हात. तेवढे पुढे जातात.

फोनने चित्र पाठविण्याची आद्य घटना घरगुती आहे हे वाचून वाचकांस कौतुक वाटेल. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील एका प्रसूतिगृहात फिलिप कान या गृहस्थाने कॅमेरा, संगणक आणि मोबाइल फोन एकमेकांस जोडून आपल्या नवजात कन्येचे छायाचित्र दोन हजारांहून अधिक आप्तस्नेह्यांस तत्काळ धाडले. ते चित्र स्थिर होते. फोनवरून हलते दृश्य थेट दाखविण्याचे प्रयोग त्यानंतर दहा वर्षांनी सुरू झाले. आणि २०१६ साली फेसबुकने ही सोय सर्वसामान्यांस खुली केली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन आपल्याकडे डेटा अतिशय स्वस्त झाला. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या नसत्या, तर नेवाशाचा तो तरुण आज तिपाईमागे उभा नसता.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. ज्यास आपण ‘थेट’ म्हणतो ते खरोखर थेट नसते. दृश्य पटलावर पडते, त्याचा भार उतरविला जातो, ते मनोऱ्यावरून दूरच्या संगणकावर जाते, तेथून पाहणाऱ्यांकडे वाटले जाते. आणि मध्ये खंड पडू नये म्हणून पाहणाऱ्याचे यंत्रही थोडा साठा करून मगच ते दाखविते. या साऱ्यात काही सेकंद, कधी कधी अर्धा मिनिट, निघून जातो. संजयाची हकीगत दहा दिवस मागे होती, आपली काही सेकंद मागे आहे. अंतर आक्रसले, पण मिटले नाही. आणि त्या अंतराइतकेच पाहणाऱ्याचे उत्तरही उशिरा येते.

ही शक्ती सर्वांच्या हाती गेल्याने काय झाले? दोन्ही झाले. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पोलिसाने एका कृष्णवर्णीय नागरिकास मोटारीतच गोळ्या घातल्या. शेजारी बसलेल्या त्याच्या सहचरीने तत्क्षणी फोन उघडून पुढील सारा प्रसंग जगास दाखविला. एरवी तिच्या शब्दास कोणी किती किंमत दिली असती हा प्रश्नच आहे. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडातील क्राइस्टचर्च येथे मशिदींत शिरून एकावन्न माणसांचा जीव घेणाऱ्या नराधमाने आपले कृत्य स्वतःच थेट दाखविले. एकीने साक्षीसाठी ते यंत्र धरले, दुसऱ्याने प्रदर्शनासाठी. व्यासांनी दृष्टी देताना पात्र पाहिले होते. आजची दृष्टी पात्रापात्र पाहत नाही. म्हणून ती पुन्हा कोणाच्या तरी ताब्यात द्यावी काय? किल्ल्याचा इतिहास ज्यास ठाऊक आहे तो तसे म्हणण्यास सहजी धजणार नाही.

आपल्या जिल्ह्यातील शिर्डीचे उदाहरण याहून सौम्य आहे, पण विचारार्ह आहे. १७ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे साईबाबांचे समाधिमंदिर भाविकांसाठी बंद झाले, ते १६ नोव्हेंबरास, दिवाळीच्या पाडव्यास, उघडले. त्या आठ महिन्यांत आरत्या नित्याप्रमाणे होत राहिल्या, आणि संस्थानाच्या थेट दर्शनाने त्या घरोघर पोचल्या. दरवर्षी पायी येणारे कितीतरी लोक सकाळी स्नान करून फोनपुढे हात जोडून बसत. त्या काळात अनेकांस धीर मिळाला हे निर्विवाद. परंतु भाविकास स्वतःचा फोन समाधीपुढे नेण्याची मुभा नाही. तेथील नेत्र एकच, आणि तो संस्थानाचा. गर्दीचा आणि शांततेचा विचार करता हा नियम योग्यच आहे. फक्त एवढेच ध्यानात घ्यावे की, स्थिर नेत्रातून दिसते ते सर्वांस सारखे दिसते. ‘जरा पादुका दाखवा’ असे त्यास कोणी सांगू शकत नाही.

आता थोडे स्वतःविषयी सांगतो; कारण या विषयाकडे मी वळलो तो केवळ जिज्ञासेने नव्हे. जून २०२० मध्ये माझ्या काकू नगरात वारल्या. वय एक्क्याण्णव, दुखणे साथीचे नव्हते, वार्धक्याचे होते. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा चुलत भाऊ, न्यू जर्सीत. आंतरराष्ट्रीय विमानांच्या नेहमीच्या फेऱ्या मार्चपासून बंद होत्या. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा होती. इंदूर, पुणे, मुंबई येथील आप्तांपैकी कोणासच येता आले नाही. तेव्हा एका पुतण्याने कुटुंबापुरता दुवा तयार करून थेट प्रक्षेपणाची व्यवस्था केली, आणि अमरधामात फोन धरण्याचे काम माझ्याकडे आले. अग्नी देण्यास माझा धाकटा भाऊ होता.

मी ते काम मोठ्या जबाबदारीने केले, असे मला त्या वेळी वाटले. मर्यादेचा भंग होऊ नये म्हणून मी दहा-बारा पावले दूर उभा राहिलो. हात हालू नये म्हणून कोपर खांबाला टेकविले. चितेचे दृश्य स्पष्ट यावे म्हणून प्रकाशाकडे पाठ केली. अर्ध्या तासात एकदाही चित्र तुटले नाही. घरी येऊन स्नान झाल्यावर चष्मा लावून फोन पाहिला, तेव्हा खालच्या कडेस आलेली ओळ प्रथमच दिसली: ‘दादा, जरा जवळ ने. आईचा चेहरा दिसत नाही.’ ती अग्नी देण्याआधी आलेली होती. चार मिनिटांनी तीच ओळ पुन्हा आली होती. तिसऱ्यांदा आली नव्हती.

त्या रात्री त्याचा फोन आला. त्याने सर्वांची चौकशी केली, दहाव्याचे विचारले, माझे आभार मानले. त्या ओळींविषयी तो बोलला नाही. आणि आजवर मलाही तो विषय काढण्याचा धीर झालेला नाही. आझादांच्या आणि कलकत्त्याच्या मध्ये एका साम्राज्याची भिंत उभी होती. माझ्या भावाच्या आणि त्याच्या आईच्या मध्ये कोणतीही सत्ता आडवी आली नव्हती. समुद्र आणि साथ यांवरही यंत्राने मात केली होती. शेवटची दहा पावले अडली ती माझ्यापाशी. चित्र उत्तम यावे याची मला एवढी काळजी होती, की पलीकडे कोणी विचारणारा आहे याचा विसर पडला. धृतराष्ट्रास जे मिळाले होते ते त्यास मिळाले नाही. त्याच्या प्रश्नास उत्तर देणारा संजय तेथे नव्हता.

म्हणून या इतिहासातून मी जो निष्कर्ष काढतो तो असा. दूरदृष्टी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न गेल्या दशकात बहुतांशी सुटला. ती ऋषींकडून, सरकारांकडून, वाहिन्यांकडून सुटून सामान्य माणसाच्या मुठीत आली. परंतु जोपर्यंत ती थोरांच्या हाती होती तोपर्यंत ती कशी वापरावी याचा भारही त्यांच्यावर होता. आता जो फोन धरील त्याच्यावर तो आहे. काय दाखवावे आणि काय झाकावे एवढेच ठरवून त्याचे कर्तव्य संपत नाही. ज्याच्यासाठी दाखवितो त्याचे ऐकणे हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे. नाही तर लक्षावधी नेत्र उघडूनही आपण किल्ल्यातील पत्रांसारखे राहू. एका बाजूने लिहिलेले, दुसऱ्या बाजूने न वाचलेले.

नेवाशाच्या त्या तरुणाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. कीर्तन चालू असता तो अधूनमधून वाकून काचेवर येणाऱ्या ओळी वाचत होता. मध्येच त्याने तिपाई अलगद उचलली, श्रोत्यांच्या कडेने चार पावले पुढे नेली आणि फोनचे तोंड पैस खांबाकडे फिरवून तसाच काही वेळ धरून ठेवले. कीर्तन संपल्यावर मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘सुरतेच्या एक आजी आहेत, सर. लग्नाआधी इथेच राहायच्या. खांब दिसत नाही म्हणून त्यांच्या नातीने लिहिलं होतं.’ एवढे सांगून तो तिपाई मिटू लागला.